माननीय मंत्रिमहोदय, आपल्या घोषणेने आमची झोळी रिकामी केली

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावातल्या इतिहास मंडळाच्या वर्धापनदिनाला आपण आला होतात. फेटा बांधून घेतलात, मोडी कागद हातात घेऊन फोटो काढलेत आणि माइकवरून 10 लाख रुपये जाहीर केलेत. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयाचे पत्र आले: संस्था प्रचलित निकषांत बसत नाही, सबब प्रस्ताव दप्तरी दाखल.

पैसे मिळाले नाहीत हे आम्ही सोसू. पण त्या घोषणेने आमचे होते तेही गेले, म्हणून हे उघड पत्र.

आमचे मंडळ वर्गणीवर चालते. दसऱ्यानंतर आम्ही पावतीपुस्तके घेऊन पेठेत फिरतो. भुसार दुकानदार 500 देतो, मंडईतल्या मावशी दरवर्षी 101 देतात, पुण्या-मुंबईला गेलेली मुले फोनवरून पाठवतात. त्यात मोडी वर्गाची फी आणि दिनदर्शिकेच्या जाहिराती मिळवल्या की वीजबिल, ऑडिटरची फी, रुमालांचे, म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधायचे, कापड, कसर लागू नये म्हणून वेखंड, एवढे भागते. यंदा प्रत्येक दुकानात एकच उत्तर: "मास्तर, सरकारने 10 लाख दिले की! आता आमच्याकडे कशाला?" एकाने तर तोंडावर विचारले, ते पैसे गेले कुठे? उभी हयात शाळेत गेली, कुणी माझ्याकडे खडूचा हिशेब मागितला नाही. या वयात, ज्यांना बाराखडी शिकवली त्यांच्यासमोर पासबुक उघडून दाखवावे लागले. बायको म्हणते, सोडा ते मंडळ. रात्री झोप लागत नाही, रक्तदाबाची गोळी वाढली आहे. आपल्या शब्दावर विसंबून छपराचे काम सांगितले होते, त्याची उचल माझ्या पेन्शनीतून गेली.

छप्पर अर्धे उतरवलेले असताना पाऊस आला. दोन रुमाल भिजले. एकात इथल्या देशमुखीच्या वादाचे महजर, म्हणजे सभेने दिलेले लेखी निवाडे, होते. दर रविवारी यादी करायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलींनी पान न् पान टिपकागदावर ठेवून पंख्याखाली वाळवले. चिकटलेली पाने सोडवताना फाटली. त्या मुलींना कुणी एक रुपया देत नाही, येण्याजाण्याचे भाडेसुद्धा त्यांचेच. त्या रडत होत्या, साहेब.

2025 साली लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्याने 47 लाखांना आणली. आणायलाच हवी होती. त्याच वर्षी 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, गावोगावी फटाके वाजले. पण त्या किल्ल्यांवर शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, किती होती, धान्य कुठून येत होते, हे कागद सांगतात, आणि ते अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवघरात पडले आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातच चार-पाच कोटी कागद आहेत म्हणतात. वाचणार कोण? आम्ही वर्ग घेतो तर वर्गाला पंखा नाही. पुतळ्याला मात्र कोट्यवधी मिळतात, कारण पुतळ्याचे अनावरण करता येते. कागदाचे काय करणार?

कंपन्यांकडे जा, असे आपल्या स्वीय सहायकांनी सांगितले. नफ्याच्या 2 टक्क्यांतून वारसा जतनाला पैसा देता येतो, हे खरे. आमच्याकडे करसवलतीची 12ए आणि 80जी नोंदणी आहे, कंपन्यांचा असा पैसा घ्यायला लागणारी सीएसआर-1 नोंदणी आहे, धर्मादाय आयुक्तांकडे लेखे दरवर्षी वेळेवर जातात. तिथे विचारतात, लाभार्थी किती? महजराला लाभार्थी कुठून दाखवू?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे पदरमोड करत गावोगाव हिंडले. वाईत सापडलेल्या कागदांवर त्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. तेव्हा राज्य परक्यांचे होते, त्याच्या दारी कुणी अपेक्षेने गेले नाही. आज महाराजांच्या नावावर मते मागणाऱ्यांचे राज्य आहे, तरी झोळी तीच. मग फरक काय पडला?

10 लाख द्यायचे असतील तर द्या. निकष आड येत असतील तर ते कोणते, हे कलमासह लिहा, आम्ही पूर्ण करू. द्यायचे नसतील तर ज्या पेपरात घोषणा छापून आली, त्याच पेपरात आपल्या नावाने छापून आणा की या मंडळाला सरकारकडून एक पैसाही मिळालेला नाही. ते कात्रण पावतीपुस्तकाला लावून आम्ही पुन्हा पेठेत जाऊ.

आपला,
इतिहास मंडळाचा एक कार्यकर्ता, निवृत्त शिक्षक