नुसता एचआरसी बघून कोटिंग पास करू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मेटलर्जीचं काम बघतो. झिजलेल्या पार्टवर लेझर क्लॅडिंग (लेझरनं धातूची पावडर वितळवून वर कडक थर चढवणं) करून घेणारे हल्ली बरेच वाढलेत, चांगलंच आहे, पण माल ताब्यात घेताना प्रश्न एकच, हार्डनेस किती? एचआरसी (रॉकवेल सी, हार्डनेस म्हणजे कडकपणा मोजायचं माप) ६० आला की पास.

मध्यंतरी बाहेरून क्लॅडिंग करून आणलेला एक एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिकसारखा माल दाबून पुढे ढकलणाऱ्या मशीनचा) स्क्रू आमच्याकडे आला, रिपोर्ट एकदम व्यवस्थित आणि कोटिंगचे मात्र टवके उडालेले. तुकडा कापून पॉलिश केला, मायक्रोस्कोपखाली धरला तेव्हा कारण दिसलं. कोटिंगसाठी वापरलेल्या निकेलच्या पावडरीत टंगस्टन कार्बाइडचे (टंगस्टन आणि कार्बनचं फार कडक संयुग) गोल दाणे होते, ते तसेच राहायला हवे होते. निकेल १४५५ अंशांना वितळतं, कार्बाइड २७०० च्याही पुढे, म्हणून सगळ्यांना वाटतं दाण्याला काही होणार नाही. अहो, चहातली साखर तरी कुठे वितळते, ती विरघळते! लेझरची पॉवर जास्त नाहीतर स्पीड कमी ठेवला की दाण्याच्या कडा वितळलेल्या निकेलच्या रसात विरघळतात आणि गार होताना त्याच टंगस्टन-कार्बनचे नवे स्फटिक वाढतात, कुठे काड्या, कुठे माशाच्या काट्यासारख्या फांद्या, आणि त्यातले काही निकेल-लोखंड ओढून घेतलेले, फार ठिसूळ. तडा त्यांच्याच वाटेनं पळतो. हार्डनेस मात्र कमी दिसत नाही, कधीकधी वाढलेलाच दिसतो, कारण मधला निकेलसुद्धा कडक झालेला असतो.

शिवाय टंगस्टन कार्बाइडची घनता १५.६, निकेलची ८.९, त्यामुळे रस जास्त वेळ पातळ राहिला तर दाणे तळाला बसतात, टायटॅनियम कार्बाइड ४.९ चं, ते उलट वर तरंगतं. म्हणजे वरून घेतलेला एक आकडा खालच्या थराबद्दल काय सांगणार?

म्हणून माझी कारखानदारांना कळकळीची विनंती आहे, ऑर्डरमध्येच लिहा की त्याच सेटिंगवर एक टेस्ट पीस करून द्या, आणि तो उभा कापून कार्बाइडचा आकार बघितल्याशिवाय बिल पास करू नका. आणि ज्या पॉलिटेक्निकांत मेटलर्जीची लॅब आहे त्यांनी ती आठवड्यातून एक दिवस तरी परवडेल अशा फीमध्ये छोट्या वर्कशॉपना वापरू द्यावी, आम्ही सॅम्पल घासून पॉलिश करूनच आणू.

आपला,
एक मेटलर्जिस्ट, भोसरी, पुणे