पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा पेपर गाइडवर नको, मूळ पानांवर शिकवा

संपादक महोदय,

महाविद्यालयांचे नवे सत्र सुरू होताना मराठवाड्यात तत्त्वज्ञान हा विषय घेणाऱ्या मुलामुलींसाठी एक मागणी मांडतो आहे. बी. ए.चा ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ हा पेपर बहुतेक ठिकाणी गाइडवरच निघतो. प्राचीन ग्रीक विचारवंत थेलीसपासून जर्मन तत्त्वज्ञ कांटपर्यंतची तेवीसशेहून अधिक वर्षे उरकायची आणि चार श्रेयांकांना तास मिळणार ६०. सुट्ट्या आणि परीक्षेची कामे वजा जाता एकेका विचारवंताच्या वाट्याला दीड-दोन तास येतात. मग फळ्यावर उरते ते एवढेच : देकार्त बुद्धिवादी (ज्ञानाचा आधार बुद्धी), लॉक अनुभववादी (ज्ञानाचा आधार इंद्रियानुभव), ग्रंथांची नावे, टीकेचे चार मुद्दे. विद्यार्थी पास होतो. पण देकार्त तसे का म्हणाला, हे विचारले की गप्प बसतो.

ही कप्पेबंदी दिशाभूलही करते, कारण ती कांटनंतरच्या इतिहासकारांनी पक्की केलेली आहे. बुद्धिवादी देकार्त प्राण्यांचे विच्छेदन करत असे आणि १६३७ साली त्याने इंद्रधनुष्याचा उलगडा छापून प्रसिद्ध केला. अनुभववादी लॉकने ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध करता येते असे लिहिले. ज्याने फक्त तक्ता पाठ केला, त्याला ही दोन वाक्ये वाचून गोंधळायलाच होते.

उपाय खर्चिक नाही. विचारवंतांची संख्या निम्मी करावी आणि प्रत्येकाची आठ-दहा मूळ पाने वर्गात वाचावीत. एका तासात तीन पानांपेक्षा जास्त घेऊ नयेत. वाचून झाल्यावर प्रत्येकाने वहीत तीन गोष्टी लिहायच्या : लेखक काय सिद्ध करू पाहतो, त्यासाठी कोणती कारणे देतो, आणि त्यातले कोणते कारण आपल्याला लंगडे वाटते. तिसरी गोष्ट कोरी राहिली तर उतारा समजलेला नाही असे खुशाल समजावे.

सुरुवात प्लेटोच्या ‘मीनो’ या संवादातल्या चौरसापासून करावी. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो : दोन फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ चार, आता आठ क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती? मुलगा म्हणतो चार. आकृती काढली की क्षेत्रफळ भरते सोळा. मग तो म्हणतो तीन, भरतात नऊ. इथे मुलगा कबूल करतो की आपल्याला माहीत नाही. शिक्षकाने नेमके इथेच थांबावे. चूक होते ती अशी, की दहावीपर्यंत भूमिती झालेल्या वर्गाला आधीच ‘मूळ चौरसाचा कर्ण हीच नवी बाजू घ्या’ असे सांगून टाकले जाते आणि संवादाचा जीवच जातो. खडू विद्यार्थ्याच्या हातात द्यावा, कर्ण त्याच्याकडूनच निघू द्यावा. शिकणे म्हणजे आत्म्याला आधीच ठाऊक असलेले आठवणे, असे सॉक्रेटिस या संवादात म्हणतो. त्यामुळे त्यानंतर खरा वाद सुरू होतो : मुलाला उत्तर आठवले, की सॉक्रेटिसने प्रश्नांच्या आडून ते सुचवले? या एका प्रश्नावर दोन तास आनंदाने जातात.

देकार्तच्या १६४१च्या ‘चिंतने’ या ग्रंथातली पहिली दोन चिंतने पुरेत. दुसऱ्यात मेणाचा तुकडा आहे : नुकताच पोळ्यातून काढलेला, मधाची चव आणि फुलांचा वास असलेला, टणक, गार, टिचकी मारली तर वाजणारा. विस्तवाजवळ नेला की यातले काहीच उरत नाही, तरी मेण तेच आहे असे आपण म्हणतो. उत्तरपत्रिकेत हमखास लिहिले जाते की ‘इंद्रिये फसवतात हे यावरून सिद्ध होते’. तो मुद्दा पहिल्या चिंतनातच येऊन गेलेला असतो. इथे देकार्तला दाखवायचे आहे ते हे, की मेण म्हणजे काय हे आपण बुद्धीने जाणतो, आणि म्हणून मन हे शरीरापेक्षा अधिक स्पष्टपणे ज्ञात आहे. याच्या जोडीला बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिचे १६४३चे पत्र वाचावे. मनाला जर लांबी-रुंदीच नाही, तर ते शरीराला हलवते कसे, हा तिचा प्रश्न. गाइडमध्ये तिचे नावही सहसा नसते, पण टीकेच्या चार मुद्द्यांचे काम हे एकच पत्र करते.

अठराव्या शतकातल्या अनुभववादी ह्यूमकडे आल्यावर आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला एक वाट जवळची आहे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. त्या नावांमागे ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे : दांडा म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? तसाच भागांपलीकडे वेगळा ‘मी’ही सापडत नाही, हा त्याचा रोख. ‘मी’ शोधायला गेलो की एखादी संवेदनाच हाती लागते, हे ह्यूमचे म्हणणे याच्या शेजारी ठेवून वाचावे. मात्र एकाने दुसऱ्याचे उचलले असे सांगू नये, आणि फरकही नजरेआड करू नये. नागसेनाचे विवेचन दुःखमुक्तीच्या मार्गाचा भाग आहे. ह्यूमने आपल्या ग्रंथाच्या १७४०च्या पुरवणीत, ‘मी’विषयीच्या आपल्याच उत्तराने आपले समाधान होत नाही, अशी कबुली दिली.

कांटचा मोठा ग्रंथ बी. ए.ला घेऊ नये. १७८३चा छोटा ‘प्रोलेगोमेना’ घ्यावा, त्यातलीही प्रस्तावना आणि सुरुवातीची कलमे. सात अधिक पाच बरोबर बारा, हे उदाहरण तिथे आहे. विश्लेषक विधान म्हणजे शब्दांच्या अर्थावरूनच खरे ठरणारे, संश्लेषक म्हणजे ज्ञानात भर घालणारे; अनुभवपूर्व म्हणजे अनुभवाचा आधार न घेता कळणारे, अनुभवोत्तर म्हणजे अनुभवातून कळणारे. मुले विश्लेषक आणि अनुभवपूर्व हे एकच धरून चालतात. चार घरांचा तक्ता काढावा : आडवे विश्लेषक-संश्लेषक, उभे अनुभवपूर्व-अनुभवोत्तर. विश्लेषक-अनुभवोत्तर हे घर रिकामे राहते; ते का, हे सांगता आले की अर्धा कांट कळला.

अनुवाद वेगवेगळे असले तरी वर्ग अडत नाही. प्लेटोच्या समासात १५७८च्या आवृत्तीच्या पानांचे आकडे असतात, ॲरिस्टॉटलला १८३१च्या बेकर आवृत्तीचे. ‘मीनो’तला चौरसाचा भाग ८२ ते ८५वर सापडतो. कोणी मराठीत वाचो, कोणी इंग्रजीत, आकडा सांगितला की सगळे एका ओळीवर येतात. इंग्रजीला बिचकणाऱ्यांसाठी जोनाथन बेनेट यांनी देकार्तपासून कांटपर्यंतचे ग्रंथ सोप्या इंग्रजीत करून इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, आणि मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानावरच्या नोंदीही मोफत वाचता येतात. मात्र विश्वकोश उताऱ्यानंतर उघडावा, आधी नाही.

परीक्षा बदलली नाही तर यातले काहीच टिकणार नाही. ‘टीपा लिहा’ असे प्रश्न आहेत तोवर गाइड खपणारच. संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान अभ्यास मंडळांनी प्रत्येक प्रश्नपत्रिकेत न पाहिलेला, दीडशे शब्दांचा एक मूळ उतारा मराठीत द्यावा आणि त्यातला निष्कर्ष कोणता, कारणे कोणती, एवढेच विचारावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला तत्त्वज्ञान घेणाऱ्यांचे दोन पेपर प्रत्येकी २५० गुणांचे असतात. त्यांनाही हा सराव उपयोगी पडेल. पहिल्या वर्षी हा उतारा वर्गात वाचलेल्या पानांतूनच घेतला तरी चालेल, पण येत्या बैठकीत त्याचा ठराव व्हावा.

— तत्त्वज्ञानाचे एक अध्यापक, परभणी