जेल रोडच्या दादांना, आठ पायांच्या चिपबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव छापायचं नाही आणि दुकानाचंही नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथे तुम्ही नुसते ‘दादा’. इंदूरच्या नॉव्हेल्टी मार्केटच्या आजूबाजूला मदरबोर्ड दुरुस्त करणारे इतके जण आहेत की एवढ्यावरून कुणी तुम्हाला हुडकून काढणार नाही. समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही “बरं बरं” म्हणत हॉट एअर (गरम हवेची बंदूक) उचलता आणि पुढच्या बोर्डावर वाकता. मग जाहीर पत्रच बरं. शिवाय माझ्यासारखी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला एखाद्या चिपशी बोलायला लावणारा कोड, लिहिणारी मंडळी हे वाचतील तर हवंच आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ज्या चिपसाठी महिनोन्‌महिने कोड लिहिला, ती कधी चिमट्यात धरलेली नसते.

मी नेमकं काय करते ते त्या दिवशी धड सांगता आलं नाही, गिऱ्हाइकं खोळंबली होती. परदेशीपुऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये आमची छोटी कंपनी आहे. सोयाबीनच्या गोदामात तापमान आणि ओलावा नोंदवणारा डबा आम्ही बनवतो. डब्यात प्रोसेसर, त्यावर लिनक्स, आणि बूटलोडरपासून (लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम) नोंदींपर्यंत सगळं जिच्यात राहतं ती १६ एमबीची सिरियल फ्लॅश. तुमच्या भाषेत बायोस आयसी. या चिपशी बोलणारा एक कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. आमच्या प्रोसेसरमधल्या कंट्रोलरसाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ड्रायव्हर नव्हता, तो लिहायचं काम माझ्याकडे आलं.

ऐकायला हे काम सोपं आहे. २०१८ साली आलेल्या ४.१८ आवृत्तीपासून कर्नलमध्ये एसपीआय-मेम नावाचा थर आहे. चिप कुठल्या कंपनीची, केवढी, तिला पुसायचं कसं, ही काळजी त्याच्या वरचा एसपीआय-नॉर घेतो. कंट्रोलरच्या ड्रायव्हरकडे चार रकान्यांची चिठ्ठी येते: कमांड, पत्ता, मधले रिकामे क्लॉक आणि डेटा. ती तारांवर उतरवायची, बस. ओळख विचारायची तर ९एफ ही कमांड. लिहायचं तर आधी ०६, मग ०२ आणि त्यासोबत फार तर २५६ बाइट, मग ०५ पाठवून ‘झालं का’ विचारत बसायचं. ४ केबीचा सेक्टर पुसायला २०, ६४ केबीचा ब्लॉक पुसायला डी८. पुसलं की सगळे बिट १ होतात आणि लिहिताना १ चा ० करता येतो, ० चा १ नाही. हे सगळे आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत, हे मला तुमच्या स्टुलावर बसल्यावर कळलं.

ड्रायव्हर चालला. चिपने ओळख दिली ती बरोबर, ईएफ ४० १८, म्हणजे विनबाँड कंपनीची १२८ मेगाबिटची, तीच १६ एमबी. कर्नलसोबत येणाऱ्या, फ्लॅश तपासणाऱ्या एमटीडीच्या चाचण्या रात्रभर चालवल्या, सगळ्या पास. गोदामाच्या नोंदी लिहिल्या, परत वाचल्या, एक बाइट इकडचा तिकडे नाही. मग त्याच ड्रायव्हरमधून नवा कर्नल फ्लॅशवर चढवला, डबा रीस्टार्ट केला, आणि बूटलोडर म्हणाला चेकसम, म्हणजे डेटा पडताळायचा आकडा, जुळत नाही. चढवायला आम्ही फ्लॅशसीपी नावाचा प्रोग्राम वापरतो. तो लिहून झाल्यावर स्वतः परत वाचून ताडतो, आणि तोही खुशाल ‘जुळलं’ म्हणत होता. दुसरा बोर्ड घेतला, तिसरा घेतला, तीच रड.

ऑफिसात एकमत झालं की चिपा डुप्लिकेट आहेत. स्वस्तात घेतल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना ते पटलंही लगेच. प्रोसेसरच्या कंपनीला लिहिलं, तर उत्तरादाखल त्यांनी तेच मॅन्युअल पाठवलं जे आधीच माझ्या टेबलावर उघडं पडलेलं होतं.

म्हणून मी तुमच्याकडे आले ती चिपा बदलून घ्यायला. नव्या चिपांची पट्टीसुद्धा बरोबर होती. दहा मिनिटांचं काम आणि हातोहात पैसे, दुसरा कुणीही ‘बसा ताई’ म्हणून सुरू झाला असता. तुम्ही म्हणालात, “बदलून देतो, माझं काय जातंय. पण आधी बघू तर द्या हिच्यात आहे काय.”

मी म्हटलं, चिप न काढता क्लिप लावा ना वरूनच. तुम्ही मान हलवलीत आणि कारण सांगितलंत. क्लिपमधून चिपला वीज दिली की ती तशीच पुढे बोर्डात शिरते, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि त्याच तारा ओढायला लागतो. मग जे वाचलं जातं ते चिपचं की भांडणाचं, कळत नाही. तेव्हा चिप काढायचीच. शेजारच्या बारीक कपॅसिटरांवर पिवळी टेप, पायांना फ्लक्स, आणि हॉट एअर गोल गोल फिरवत राहिलात. चिमट्याने हलकं ढकलून पाहिलंत, चिप सरकली आणि जागेवर परत आली, तेव्हाच उचललीत. ओढली नाहीत. मी हे इतकं बारकाईने सांगतेय कारण आमच्या ऑफिसात असल्या चिपा ओढून काढताना बोर्डाचे पॅड, म्हणजे पाय जिथे डकवतात ते पत्रे, उखडलेले मी पाहिले आहेत.

तुमचा तो काळा प्रोग्रामरही (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) मी उलटापालटा करून बघितला. बाजारात मिळतो तसा लावला तर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप असते ३.३ ची. तुम्ही त्याचा एक पाय उचलून, वरून बारीक तार मारून ते ३.३ वर आणलंय. हे कुठून शिकलात विचारलं, तर म्हणालात, “दोन-चार गिऱ्हाइकांच्या जळालेल्या चिपा भरून दिल्यावर.”

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. तुम्ही चिप सॉकेटमध्ये ठेवून वाचलीत, फाइल सेव्ह केलीत. मग चिप बाहेर काढून, पाय पुसून, परत बसवून परत वाचलीत. दोन फाइली एकमेकींशी ताडल्यात आणि जुळल्यावरच एक उघडलीत. मला तोपर्यंत ही नुसती सवय वाटली. स्क्रीनवर डावीकडे आकडे, उजवीकडे अक्षरं. वरचा भाग, म्हणजे बूटलोडर, नीट वाचता येत होता. तो आम्ही कारखान्यातल्या प्रोग्रामरने भरलेला. तुम्ही भराभर खाली गेलात, जिथे लिनक्समधून चढवलेला कर्नल सुरू होतो तिथे थांबलात आणि पेनाने स्क्रीनवर टिचकी मारलीत. “हे बघा. चार-चार उलटे आहेत.”

खरंच तसं होतं. १२३४५६७८ असायला हवं तिथे ४३२१८७६५. पुढेही तसंच, पार शेवटपर्यंत. सेट टॉप बॉक्सच्या डंपमध्ये, म्हणजे चिपमधून वाचलेल्या फाइलीत, दोन-दोन बाइट उलटे झालेले तुम्ही पाहिले होते, चार-चारचे कमी. “चिप चांगली आहे ताई. लिहिणारा उलटं लिहितोय.” तेवढ्यात मागून कुणीतरी “भिया, मेरा वाला हो गया क्या?” म्हणून ओरडला आणि तुम्ही तिकडे वळलात. मी स्क्रीनकडे बघतच राहिले.

कारण पुढचं सगळं मला जागच्या जागी उलगडत गेलं. आमचा कंट्रोलर मोठा डेटा ३२ बिटांच्या शब्दांत, डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीतून) घेतो. एका शब्दातल्या चार बाइटांपैकी तारेवर आधी कुठला जायचा हे एका रजिस्टरमधला एक बिट ठरवतो. बूटलोडर तो बिट लावून ठेवतो. कर्नल सुरू झाला की ड्रायव्हर कंट्रोलरला रीसेट देतो, आणि रीसेटनंतर तो बिट मूळच्या जागी, म्हणजे उलटा. लिहिताना बाइट उलटे जायचे, वाचताना त्याच रस्त्याने परत सुलटे व्हायचे. त्यामुळे चाचण्या पास, नोंदी पास, फ्लॅशसीपीही पास. ओळख मात्र बरोबर यायची, कारण तीन बाइटांचं ते उत्तर वेगळ्या छोट्या रजिस्टरमधून येतं, तिथे या बिटाचा संबंधच नाही. जगात एकटा बूटलोडर त्या चिपकडे दुसऱ्या वाटेने बघत होता, आणि आम्ही सगळे त्यालाच खोटा ठरवत होतो.

ड्रायव्हरने लिहिलेलं ड्रायव्हरनेच वाचून तपासायचं, यात काही खोट आहे असं आमच्याकडे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. चाचणी कितीही कडक केली असती, आणखी आठवडाभर चालवली असती, तरी निकाल तोच आला असता. तुमच्या टेबलावर मात्र ही गोष्ट गृहीतच आहे: ज्या बोर्डावर संशय आहे, त्याच्याच तोंडून त्याची हकीकत ऐकायची नाही. दुरुस्ती एका ओळीची निघाली. रीसेटनंतर तो बिट पुन्हा लावायचा, आणि डबा झोपेतून उठतानाही, कारण तिथेही रीसेट होतो. आता आमच्याकडे नियमच आहे: ड्रायव्हरमध्ये काहीही बदललं की एका बोर्डाची चिप काढून बाहेरच्या प्रोग्रामरने वाचायची आणि मूळ फाइलशी ताडायची.

त्या नव्या पट्टीचं राहिलंच. चिप परत लावताना तुम्ही सहज पट्टी उचलून भिंगाखाली धरलीत, दिव्याखाली तिरकी करून अक्षरं वाचलीत आणि म्हणालात, “ही तुमच्या जुन्या मालातली नाही. जुनी क्यू होती, ही एम आहे.” नंबर अक्षर न अक्षर तोच, शेवटी आयक्यूच्या जागी आयएम. आमच्या खरेदीवाल्यांना काय, मलाही त्यात काही वेगळं दिसलं नसतं. पण आमचा बूटलोडर चार तारांवरून वाचतो. त्यासाठी चिपचे राइट-प्रोटेक्ट आणि होल्ड हे दोन पाय डेटासाठी मोकळे व्हावे लागतात, आणि ते क्यूई नावाच्या बिटावर ठरतं. आयक्यूमध्ये तो कारखान्यातूनच लागलेला येतो, आयएममध्ये नाही. लिनक्स तो बिट स्वतः लावतो, पण लिनक्सपर्यंत पोचायला आधी बूटलोडर चालायला हवा ना! त्या दिवशी तुम्ही माझं ऐकून चिप बदलली असतीत, तर अर्धवट चालणारा बोर्ड पुरता बंद पडला असता, आणि ऑफिसात ‘बघा, चिपाच खराब’ यावर शिक्कामोर्तब झालं असतं.

तुमच्याकडे हे ज्ञान दुसऱ्या दाराने आलेलं. एका बोर्डाची चिप दुसऱ्यावर लावली, फाइल तीच, तरी बोर्ड उठत नाही, असं काही बोर्डांवर होतं हे तुम्हाला माहीत होतं. कारण विचारलंत तेव्हा मी सांगितलं की प्रोग्रामर डेटा उतरवतो, पण चिपच्या सेटिंग जिथे राहतात ते स्टेटस रजिस्टर त्या फाइलमध्ये नसतंच. आणि विनबाँडमध्ये क्यूई दुसऱ्या स्टेटस रजिस्टरचा बिट १, तर मॅक्रॉनिक्स या दुसऱ्या कंपनीच्या चिपांमध्ये पहिल्याच रजिस्टरचा बिट ६. तुम्ही ते पाकिटाच्या मागे लिहून घेतलंत, तेव्हा मला फार बरं वाटलं, लपवत नाही.

आणखी एक. पुढच्या डब्यात ३२ एमबीची चिप टाकायचं चाललंय म्हटल्यावर तुम्ही लगेच विचारलंत, “मग रीस्टार्टला अडकणार नाही ना?” काही राउटर असे येतात की वीज बंद करून चालू केले तर उठतात, नुसतं रीस्टार्ट केलं तर मेलेले. मी उडालेच. तीन बाइटांच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात. त्यापुढे जायला चिपला चार बाइटांच्या मोडमध्ये टाकलं, आणि रीस्टार्टच्या वेळी चिपला रीसेट मिळाला नाही, तर बूट रॉम (प्रोसेसरमधला सगळ्यात आधी चालणारा कोड) तीन बाइट पाठवतो आणि चिप चौथ्याची वाट बघत बसते. कर्नलमध्ये अशा बोर्डांसाठी ‘ब्रोकन-फ्लॅश-रीसेट’ अशी खूण डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत, टाकायची सोय आहे. तुम्ही तेच निदान राउटर उघडून, डिव्हाइस ट्रीचं नावही न ऐकता केलेलं. आमच्या नव्या बोर्डावर आता १६ पायांची चिप आहे, तिला रीसेटचा वेगळा पाय आहे आणि तो प्रोसेसरच्या रीसेटला जोडलाय. शिवाय ड्रायव्हरमध्ये मोड न बदलता चार बाइटांच्या वेगळ्या कमांड वापरल्या आहेत. दोन्ही, कारण गोदामात जाऊन वीज बंद-चालू कोण करणार?

पैसे किती म्हटलं तर तुम्ही चिप काढून लावायचे तेवढे घेतलेत. बघायचे घेत नाही म्हणालात. दादा, त्या बघण्याचेच तर घ्यायला हवे होते.

तुम्ही मागितलेला छोटा प्रोग्राम तयार आहे. तुमच्याच प्रोग्रामरवर चालतो, चिपची ओळख दाखवतो, तिन्ही स्टेटस रजिस्टर दाखवतो आणि क्यूई लागलाय की नाही ते मराठीत सांगतो. विनबाँडच्या चिपांवर तपासलाय, मॅक्रॉनिक्सची जुनी चिप एखादी तुमच्या डब्यात असेल तर बाजूला काढून ठेवा. शनिवारी दुपारनंतर येते, गर्दी कमी असते तेव्हा. आणि चहाचे पैसे या वेळी मी देणार.

तुमची,
परदेशीपुऱ्याची ताई