ॲप सुरू करण्याआधी ते दृष्टिहीनांच्या हाती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे थोरले बंधू वडगावात तीस वर्षे माग चालवत होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, तरी मोबाईल त्यांनी सोडला नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय सुरू करून ते बातम्या ऐकतात आणि नातवंडांना स्वतः फोन लावतात.

गेल्या महिन्यात एका बँकेने त्यांना घरबसल्या केवायसी करण्यास सांगितले. पडद्यावर गोल चौकट येते आणि ‘चेहरा चौकटीत धरून डोळे मिचकावा’ अशी सूचना उमटते, पण ती सूचना फोन वाचत नाही. दादा फोन हातभर लांब धरून बसले, मी त्यांचे मनगट धरून कोन बदलत राहिले, आणि तीन वेळा मुदत संपली. पुढे चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायची होती, तीही ऐकण्याची सोय नव्हती. खालच्या बटणावर बोट ठेवले की ‘लेबल नसलेले बटण’ एवढेच ऐकू येई. अखेर शेजारच्या मुलाला बोलावले आणि दादांनी ओटीपी व पिन त्याला तोंडी सांगितला. मुलगा गुणी आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण आयुष्यभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवलेल्या माणसाला तो आकडा परक्यापुढे उच्चारताना किती जड गेले, हे मी समोर बसून पाहिले.

डिजिटल सेवा मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी स्पष्ट केले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांच्या आणि एका दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकांवर दिलेल्या या निकालात केवायसीसाठी डोळे मिचकावण्याला पर्याय देण्याचे आणि ॲप तयार होत असतानाच दृष्टिहीनांकडून त्याची चाचणी करून घेण्याचे निर्देश आहेत. त्याआधीच, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सेवा पुरवणाऱ्यांना सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही सेवा सहज वापरता याव्यात यासाठीचे, नियम पाळण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली होती. ती केव्हाच उलटली.

बेळगावची निवड स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत जानेवारी 2016 मध्ये झाली. रस्ते आणि दिवे यांची चर्चा पुष्कळ झाली, परंतु कर भरणे, दाखले काढणे, तक्रार नोंदवणे ही कामे जसजशी पडद्यावर जात आहेत, तसतसा दिव्यांग माणूस पुन्हा दुसऱ्याच्या बोटांवर अवलंबून राहू लागला आहे. आपल्या सीमाभागात यात भाषेचीही भर पडते. सूचना कागद स्कॅन करून चित्राच्या रूपात टाकली की ती कन्नडमध्ये असो वा मराठीत, फोनला वाचता येत नाही. तोच मजकूर टंकलिखित असेल तर आजचे साधे फोन दोन्ही भाषा वाचतात. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, टाकणाऱ्याने थोडे भान ठेवले तरी पुरे.

महापालिका, बँका आणि सेवा केंद्रे यांना माझी विनंती आहे की, नवे ॲप वा संकेतस्थळ सुरू करण्याआधी त्यांनी ते बेळगाव, खानापूर, निपाणी येथील दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हात नीट न चालणाऱ्या नागरिकांसमोर ठेवावे आणि त्यांना जिथे अडते तिथे दुरुस्ती करावी. अशा चाचणीला बसण्याची दादांची तयारी आहे, आणि त्यांना तिथवर घेऊन येण्याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव