बोल्ट नंतर, आधी सेटिंग

प्रिय सम्या,

तुझा मेसेज वाचला. पुढचं चाक उचलताना खांदे भरून येतात, ट्रायल्सची मोटारसायकल (दगडधोंड्यांवरून पाय न टेकता चालवायची ती) जड वाटते, म्हणून वजन कमी करायला टायटॅनियमचे बोल्ट मागवतोयस. अरे थांब जरा! बोल्टांनी फार तर काहीशे ग्रॅम कमी होतील. आजच्या ट्रायल्स गाड्या तशाही ६५ ते ७५ किलोच्या असतात, म्हणजे बरेचदा चालवणाराच गाडीपेक्षा जड असतो, मग तू कुठं उभा राहतोस आणि तू दाबलंस की गाडी वर येते की नाही यावरच सगळं अवलंबून आहे. वजन घटवण्याच्या मी विरोधात नाही हां, ट्रायल्सचा जुना चॅम्पियन सॅमी मिलर, त्याने आपली ५०० सीसीची एरियल मोटारसायकल घासून-कापून किती हलकी केली होती ते तुला माहितीये. पण ते काम सेटिंग झाल्यावर.

सगळ्यात आधी मागचा शॉक (शॉक अब्सॉर्बर) बघ, माझ्या मते तुझं दुखणं तिथंच आहे. गाडीवर चालवताना उभा राहतोस तसा उभा राहा आणि कोणालातरी मागं किती बसते ते मोजायला सांग. मागच्या चाकाची हालचाल साधारण १७० मिलिमीटर असते, त्यातली एक तृतीयांश, म्हणजे ५५-६० मिलिमीटर तुझ्या वजनाने बसायला हवी. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवलेली असते तो ताण, जास्त असेल तर मागची बाजू उंच राहते, सगळा भार पुढं जातो आणि मग चाक उचलायला हातच ओढावे लागतात. फार कमी असेल तर उलटं, गाडी मागं बसून राहते आणि वळताना पुढचं चाक भरकटतं.

मग रिबाउंड, म्हणजे दाबलेला शॉक परत वर येताना त्याला होणारी अडवणूक. गाडीशेजारी उभा राहा, एक पाय फूटरेस्टवर ठेवून जोरात दाब आणि सोड, आणि नीट बघ, पुढचं-मागचं एकदम खाली जाऊन एकदम वर येतंय का. मागची बाजू तेल घट्ट झाल्यासारखी हळूहळू वर आली तर रिबाउंड जास्त आहे. आपण गुडघे वाकवून दाबतो ती ताकद स्प्रिंगमधे साठते आणि तीच आपल्याला परत मिळायला हवी, ती शॉकमधेच जिरली तर अख्खी गाडी हाताने उचलावी लागते, खांदे दुखणारच ना. शॉकवरचा रिबाउंडचा स्क्रू एकेक क्लिक सोडत जा आणि दरवेळी त्याच एका दगडावर चढून बघ. फार सोडलास तर उतारावर मागचं चाक उसळून अंगावर येतं, तिथून क्लिक-दोन क्लिक मागं ये.

टायरमधली हवा तर आजच बघ. मागं ४ ते ५ पीएसआय, पुढं ६ च्या आसपास, आणि त्यासाठी कमी प्रेशरचा वेगळा गेज घे, साधा गेज एवढ्या खाली काहीही दाखवतो. चाक घसरलं की इंजिनची ढकल वाया जाते आणि ती भरपाई अंगाने करावी लागते. दगड फार टोकदार असतील तर थोडी वाढव, नाहीतर रिम आपटेल.

हँडलचं म्हणशील तर सुरुवातीला ते फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, रेषेत ठेव. मागं घेतलंस तर छाती हँडलवर येते आणि मागं सरकायला जागाच उरत नाही. लिव्हर एका बोटाने दाबायचे, म्हणून लिव्हर हँडलला धरून ठेवणारे क्लॅम्प आतल्या बाजूला सरकव, बोट लिव्हरच्या टोकाला आलं पाहिजे, मग तोच क्लच बराच कमी जोरात दाबला जातो! क्लॅम्प फार आवळू नकोस, पडल्यावर लिव्हर फिरला पाहिजे, तुटायला नको. क्लच सोडताना एका जागी लख्खकन पकडायला हवा. लिव्हर दाबूनही गाडी पुढं ओढत असेल तर गिअर ऑइल कंपनी सांगते त्याच ग्रेडचं भर, आणि क्लचच्या सिलिंडरला मिनरल ऑइल लागतं की डॉट फ्लुइड (ब्रेकमधे घालतात ते) हे नीट वाच, चुकलं तर सील जातात.

पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडलला हलका धक्का दे, ते आपणहून बाजूला पडलं पाहिजे. अडकलं तर हँडल ज्यांवर फिरतं त्या हेडच्या बेअरिंगना ग्रीस हवंय किंवा ते जास्त आवळलेत. ब्रेक घासतायत का तेही चाक फिरवून बघ. थ्रॉटलची स्लो ट्यूब मिळते, तिने मूठ तेवढीच फिरवली तरी इंजिन सावकाश उचलतं, ओल्या दगडांवर तीच बरी. पेट्रोल टाकी भरून नेऊ नकोस, अर्धा लिटर कमी म्हणजे पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास वाचतात, तुझ्या त्या बोल्टांएवढे, आणि फुकटात.

एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि आधी कितव्या क्लिकवर होतं ते टेप लावून फोर्कवरच लिहून ठेव. मागं किती मिलिमीटर बसली तो आकडा मला आधी पाठव, स्प्रिंग बदलायची की नाही ते त्यावरून सांगतो.

तुझा,
मन्या