अण्णा, हा तुमच्याच धंद्यातला माणूस

लॉस एंजेलिस

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. अण्णा, इथल्या एका चित्रकाराची पुस्तकं परवा हातात घेऊन पाहिली, तेव्हापासून सारखी तुमची आठवण येतेय. एड रुशे त्याचं नाव. जन्म १९३७ चा, लहानपण ओक्लाहोमात. १९५६ मध्ये जाहिरातींची चित्रकला शिकायला इथे आला आणि पोटासाठी भेटवस्तूंवर गिऱ्हाइकांची नावं हाताने रंगवू लागला. म्हणजे तुमच्यासारखा अक्षरं रंगवणारा पेंटरच की!

पुढे तो नुसते शब्द काढायला लागला. कागदावर एखादाच शब्द. ना दुकान, ना बाण, ना पत्ता. १९६७ पासूनचे काही शब्द चक्क बंदुकीच्या दारूने काढलेत. दारू पाण्यात भिजवायची, त्यातला सोरा हा क्षार विरघळून गेला की कोळसा-गंधकाची पूड उरते, ती कापसाने कागदावर चोळायची. चुकलेली जागा या पुडीत शिसपेन्सिलीपेक्षा सहज पुसता येते, म्हणून ती त्याला पसंत पडली. अक्षरं अशी दिसतात, जणू कागदाची पट्टी वळवून कडेवर उभी केलीय आणि मागे तिची सावली पडलीय. ‘आधी अक्षरांमधली जागा बघ,’ असं तुम्ही मला बोर्डासमोर उभं करून सांगायचा. २०२४ च्या प्रदर्शनात ही चित्रं बघताना मी तेच करत होते.

आणि पुस्तकं! पहिलं १९६३ चं. इथून ओक्लाहोमाला घरी जाताना वाटेत लागणाऱ्या २६ पेट्रोल पंपांचे साधे, काळेपांढरे फोटो, खाली पंपाचं नि गावाचं नाव, बस्स. पहिल्या ४०० प्रतींवर क्रमांक घातले होते. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने ते नाकारलं, तर त्याने त्या नकाराचीच जाहिरात छापली. मला मात्र १९६६ चं पुस्तक सोडवेना. छोट्या ट्रकवर मोटरवर चालणारा, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बसवून त्याने सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरची प्रत्येक इमारत टिपली. एक बाजू वर, समोरची बाजू खाली उलटी, प्रत्येकीखाली घरक्रमांक. घडीची पट्टी उलगडली तर सुमारे २५ फूट! ग्रंथालयाच्या टेबलावर एकेक घडी उघडत गेले. रिकामा प्लॉट आला, तोही त्याने सोडलेला नाही. यातच सगळं आलं असं मला वाटतं. देखणं तेवढं निवडायचं नाही. जे आहे ते ओळीने ठेवायचं.

त्यानंतरही तो वर्षानुवर्षं तोच रस्ता टिपत राहिला. इथल्या गेटी या कलासंस्थेने त्यातले ६०,००० हून जास्त फोटो इंटरनेटवर खुले केलेत. कुठलं दुकान कधी गेलं, पाटी कधी बदलली, सगळं दिसतं.

म्हणून दादाला एक काम सांगते. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडापासून टोकापर्यंत दोन्ही बाजूंचे फोटो काढ. समोरून, सरळ. बंद दुकानं, फ्लेक्स लागलेली, नुसती भिंत असलेलीही. एकही गाळू नकोस. अण्णा, प्रिंट आल्या की त्यांतले तुमच्या हातचे बोर्ड कोणते, कुठल्या साली रंगवले, ते मागे लिहून ठेवा. मी दिवाळीला येतेय, तेव्हा माजघरात पट्टी उलगडू.

आई, तुझी चटणी अजून पुरतेय.

तुमची,
धाकटी