स्पोर्ट्‌स कारचे अ‍ॅव्हरेज आणि न्यूट्रलचा गैरसमज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत पेट्रोल वाचवण्याबद्दल एक चौकट छापून आली होती. तीत चार सूचना होत्या : अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका दाबावा, वेग सावकाश वाढवावा, उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी आणि उतार लांब असेल तर इंजिन बंदच करावे. शेवटी असा शेराही होता, की मॅन्युअल गिअरच्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकांनी हे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत, कारण त्या गाड्या पेट्रोल पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. गेली सात वर्षे मी सहा गिअरची, दोन आसनांची अशी एक गाडी रोज चालवतो आहे आणि टाकी भरली की लिटर आणि किलोमीटर वहीत टिपून ठेवण्याची मला खोड आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की पहिल्या दोन सूचना अर्धवट आहेत, तिसरी कालबाह्य आहे आणि चौथी जिवावर बेतणारी आहे. शेऱ्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी न्यूट्रलचे पाहू, कारण हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तो गैरसमज नव्हता. कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीवर पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग. पाय काढला तरी गिअरमध्ये फिरणारे इंजिन त्यातून पेट्रोल ओढत राही, तेव्हा न्यूट्रल टाकून इंजिनाचे फेरे (ते मिनिटाला किती वेळा फिरते तो आकडा) उतरवण्यात अर्थ होता. संगणकाच्या हुकुमाने पेट्रोल फवारणारे इंजेक्शन आल्यापासून गणित फिरले. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचललेला आहे आणि इंजिन आयडलिंगपेक्षा (उभ्या गाडीत चालू इंजिन ज्या किमान फेऱ्यांवर फिरते त्यापेक्षा) बऱ्यापैकी वर फिरते आहे, हे संगणकाच्या लक्षात आले की तो इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, बंदच करतो. इंजिन फिरत राहते, पण त्याला चाके फिरवतात, पेट्रोल नव्हे. न्यूट्रल टाकले की चाकांचा आधार सुटतो आणि इंजिनाला स्वतःच्या आयडलिंगसाठी पुन्हा पेट्रोल जाळावे लागते. एका लांब उतारावर मी हे मुद्दाम करून पाहिले. चौथ्या गिअरमध्ये पाय उचलताच क्षणिक मायलेज दाखवणारा आकडा ९९.९ वर जाऊन तेथेच खिळला, कारण त्या पडद्याला त्यापुढे मोजता येत नाही. तेवढ्याच वेगात न्यूट्रल टाकल्यावर तो साठ-सत्तरच्या आसपास घुटमळू लागला. साठ-सत्तर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो खरा, पण जेथे खर्च शून्य होता तेथे तो आपण स्वतःहून सुरू केलेला असतो.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन गाडीला मागे ओढते, त्यामुळे अगदी सौम्य उतारावर गाडीचा वेग नाहक कमी होतो आणि तो परत मिळवायला पेट्रोल जाते. अशा जागी न्यूट्रलमधली गाडी कागदावर पुढे असेल. पण तेथे टॉप गिअरमध्ये राहून पाय नुसता टेकवून ठेवला तरी वेग टिकतो, आणि समोर काही आडवे आलेच तर गाडी हाताखाली असते. म्हणून मी एक साधा नियम पाळतो : जेथे पुढे थांबायचे किंवा वेग कमी करायचा आहे, तेथे गिअरमध्येच पाय उचलायचा आणि फेरे आयडलिंगजवळ येईपर्यंत क्लच दाबायचा नाही.

इंजिन बंद करण्याच्या सूचनेबद्दल सौम्य शब्द वापरता येत नाहीत. ब्रेकला जोर देणारा सर्व्हो इंजिनाच्या निर्वातावर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर, चालतो. इंजिन बंद झाल्यावर एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टीअरिंगची मदत जाते, आणि किल्ली जास्त फिरली तर काही गाड्यांत स्टीअरिंगला कुलूपच लागते. हे सारे उतारावर, वळणात, आणि ज्या पेट्रोलसाठी करायचे ते गिअरमध्ये तसेही खर्च होत नसते!

आता ‘हलक्या पायाविषयी’. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या स्थिर वेगात सुमारे १४०० किलो वजनाच्या गाडीला ढोबळमानाने दहा-बारा अश्वशक्ती पुरतात. इंजिन मात्र दोनशे अश्वशक्तीचे असते. हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप अशा वेळी जवळपास मिटलेली असते आणि प्रत्येक पिस्टनला दर दोन फेऱ्यांत एकदा त्या फटीतून हवा खेचून घ्यावी लागते. नाक चिमटीत धरून पळायला लावल्यासारखेच ते आहे. चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सहाव्यात ते दोन-सव्वादोन हजारच घेते, म्हणजे ही धापही तितकी कमी वेळा लागते, आणि तेवढीच ताकद कमी फेऱ्यांत काढायची असल्याने झडपही जास्त उघडावी लागते, म्हणजे नाकावरची चिमूट सैल होते. पेट्रोल इंजिन सर्वांत काटकसरीने चालते ते कमी ते मध्यम फेऱ्यांत आणि बऱ्यापैकी भाराखाली. खालच्या गिअरमध्ये पिसासारखा पाय ठेवून गाडी चालवणारा माणूस नेमका उलट्या टोकाला असतो. त्याला वाटते आपण जपून चालवतो आहोत, आणि मीही पहिले वर्षभर याच समजुतीत होतो. तेव्हा माझी गाडी शहरात कायम तिसऱ्यात असे, कारण तिसऱ्यात इंजिन ‘तयार’ वाटते, आवाजही छान येतो. ताशी ५० च्या वर सपाटीला पाचवा टाकायची सवय लावली आणि बाकी काहीही न बदलता वहीतले आकडे लिटरमागे दीड-दोन किलोमीटरने वर सरकले.

वरच्या गिअरलाही हद्द आहे. चढावर, हजार-बाराशे फेऱ्यांवर टॉप गिअरमध्ये पेडल खोल दाबले की गिअरचा दांडा थरथरू लागतो, गाडी गुरगुरते. तेव्हा हट्ट न करता एक गिअर खाली यावे. थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनांत तर कमी फेऱ्यांवर असा भार टाकल्याने मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा धोका असतो आणि त्यात पिस्टनचे नुकसान होऊ शकते. गिअर नेमका कधी बदलायचा याचा एकच आकडा सर्वांना सांगता येणार नाही, पण सपाटीला नेहमीच्या वाहतुकीत दोन ते अडीच हजारांदरम्यान वर जायला बहुतेक इंजिने कुरकुरत नाहीत. ज्यांना अंदाज येत नाही त्यांनी डॅशबोर्डवरचा बाण पाहावा. युरोपीय संघाने गिअर बदलाची ही खूण नोव्हेंबर २०१२ पासून नव्याने मान्यता घेणाऱ्या मॅन्युअल मोटारींना आणि नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मॅन्युअल मोटारींना सक्तीची केली, ती इंधन वाचावे म्हणूनच. स्पोर्ट्‌स कारवाले त्या बाणाला हसतात. मीही हसत असे.

वेग सावकाश वाढवण्याची सूचनाही याच कारणाने अर्धवट आहे. रांगत रांगत वेग गाठायचा म्हणजे पहिल्या तीन गिअरमध्ये जास्त वेळ काढायचा. त्यापेक्षा पेडल निम्म्याच्या पुढे, पण तळाला न टेकवता दाबावे, फेरे चढू न देता गिअर बदलावेत आणि हवा तो वेग आला की सरळ टॉपला जावे. पेडल तळाला टेकवू नये, कारण पूर्ण थ्रॉटलला संगणक हवा-पेट्रोलचे नेहमीचे १४.७ ला १ (वजनाने) हे प्रमाण सोडून मिश्रणात पेट्रोल वाढवतो आणि केलेली काटकसर तेथेच सांडते. शिवाय मॅन्युअलची एक सोय आपण विसरतो : गिअर क्रमानेच टाकले पाहिजेत असे नाही. दुसऱ्यात वेग घेतला असेल तर थेट चौथा, तिसऱ्यानंतर थेट पाचवा किंवा सहावा टाकता येतो. ही युक्ती शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन गाडीने १९८९ मध्ये सहा गिअरच्या गिअरबॉक्सबरोबर चालकावर लादली होती. पाय हलका असला आणि वेग ठरावीक पट्ट्यात असला की दुसरा गिअर अडवला जाई आणि दांडा पहिल्यातून थेट चौथ्यात जाई. अमेरिकेतील सरकारी इंधन-चाचणीतला आकडा सुधारावा हा त्यामागचा हेतू होता. मालकांना ही जबरदस्ती इतकी खुपली, की ती निकामी करणारा सुटा भाग बाजारात आला. चालकाच्या हातातला निर्णय काढून घेणे मलाही पटत नाही, पण यामागचा विचार बरोबर होता आणि तो आपल्या मर्जीने पाळायला कोणी अडवलेले नाही.

स्पोर्ट्‌स कारची खरी अडचण वेगळीच आहे, आणि चौकटीत तिचा उल्लेखही नव्हता. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारचे गिअर पिकअपसाठी जवळजवळ बसवलेले असतात आणि सहावाही काही फार ‘लांब’, म्हणजे कमी फेऱ्यांत जास्त वेग देणारा, नसतो. १९९९ मध्ये आलेली होंडा एस२००० घ्या. दोन लिटरचे इंजिन, नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरणारे, आणि सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० ला साडेतीन हजारांच्या पुढे फेरे. उलट १९९७ ची ५.७ लिटरची कॉर्व्हेट सहाव्यात त्याच वेगाला दीड हजारांच्या आत शांतपणे फिरते. परिणाम असा, की अमेरिकेच्या सरकारी आकड्यांत हायवेवर जवळपास तिप्पट मोठे इंजिन लहान इंजिनापेक्षा सरस ठरले. तेव्हा इंजिन मोठे म्हणून गाडी पिते, हेही दरवेळी खरे नसते.

ज्याचा टॉप गिअर असा आखूड आहे त्याच्या हाती वेग उरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० वरून १२० वर गेले की वेग वाढतो २० टक्के, पण हवेचा विरोध ४४ टक्के. छप्पर उघडणाऱ्या गाडीत ते उघडे टाकून हायवेवर जाणे म्हणजे हा विरोध आणखी वाढवणे, आणि मागचा मोठा पंख चाके रस्त्याला दाबून धरण्यासाठी असतो, तो हे काम फुकट करत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी बचत मात्र डोळ्यांनी होते. ताशी ६० ने धावणारी १४०० किलोची गाडी ब्रेक लावून थांबवली की जी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते, ती परत मिळवायला इंजिनाची नेहमीची कार्यक्षमता धरून साधारण २४ मिलीलिटर पेट्रोल लागते, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-अडीच झाकणे. ताशी १०० वरून थांबवली तर ६५ ते ७० मिलीलिटर. दूरवर सिग्नल लाल दिसत असताना पाय तसाच दाबून धरणे आणि शेवटच्या क्षणी ब्रेक मारणे म्हणजे ही झाकणे एकामागून एक रस्त्यावर ओतणे. स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक उत्तम असल्यामुळे तिच्या चालकाला ही सवय चटकन लागते. मला तर ती सोडायला गिअरच्या सवयीपेक्षा जास्त दिवस लागले. पुढच्या गाडीच्या नव्हे, तिच्या पुढच्या दोन गाड्यांच्या ब्रेकलाइटकडे पाहायला लागल्यावर ती सुटली.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. रुंद आणि मऊ रबराचे टायर मुळातच जास्त विरोध करतात, हवा कमी असली की त्यात भर पडते. कंपनीने जास्त ऑक्टेनचे (वेळेआधी पेट न घेणारे) पेट्रोल सांगितले असेल तर तेच भरावे, कारण कमी ऑक्टेनवर संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद व अ‍ॅव्हरेज दोन्ही जाते. ज्या गाडीला ते सांगितलेले नाही, तिच्यात महागडे पेट्रोल भरून अ‍ॅव्हरेज वाढण्याची आशा धरू नये, त्यात जादा ऊर्जा नसते. सकाळी इंजिन उभ्या-उभ्या तापवत बसू नये. अर्ध्या मिनिटात निघावे आणि तेल गरम होईपर्यंत फेरे बेताचे ठेवावेत.

राहता राहिला शेरा. माझी गाडी लहान हॅचबॅकइतके अ‍ॅव्हरेज देत नाही आणि देणारही नाही. पण त्याच गाडीवर, त्याच रस्त्यांवर, वहीतल्या पहिल्या वर्षाच्या आणि आताच्या सरासरीत लिटरमागे तीन किलोमीटरचा फरक आहे, आणि हा हिशेब टाकी काठोकाठ भरून केलेला आहे, डॅशबोर्डवरचा नव्हे. डॅशबोर्ड माझ्या गाडीत तरी नेहमी थोडे गोडच बोलतो. या काळात गाडीत एकही नवा भाग बसवलेला नाही, आणि मोकळ्या घाटरस्त्यावर फेरे चढवण्याचा आनंदही मी सोडलेला नाही. तोही त्याच सरासरीत धरलेला आहे.

पुढील पुरवणीत जागा कमी असेल तर या पत्रातले बाकी काही छापू नये, परंतु उतारावर इंजिन बंद करण्याची सूचना मागे घेतल्याचे दोन ओळींत, मूळ चौकटीच्याच जागी आणि तितक्याच ठळक अक्षरांत अवश्य छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक